हेअरवुडचा वाडा आणि आजोबांचे चलन

इंग्लंडला जाणाऱ्या आपल्या माणसाचा रस्ता ठरलेला असतो. लंडनला उतरायचे, किंग हेन्रीज रोडवरचे १० क्रमांकाचे घर गाठायचे. विद्यार्थिदशेत बाबासाहेब या घरात राहिले आणि महाराष्ट्र शासनाने २०१५ साली ते विकत घेतले. तिथे वंदन करायचे, फोटो काढायचे. मग लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स, मग ग्रेज इन. मागच्या वर्षी मे महिन्यात आम्हीही हेच केले. ग्रेज इनच्या दारात काळा कोट घालणाऱ्या माणसाची छाती जरा जास्तच भरून येते, हे कबूल करायला आम्हाला लाज वाटत नाही.

पण आज लिहायचे आहे ते पुढच्या मुक्कामाविषयी. आमच्या थोरल्या बहिणीचा मुलगा लीड्सला संगणकाच्या नोकरीत आहे. लंडनहून आम्ही त्याच्याकडे गेलो. रविवारी तो म्हणाला, "मामा, इथून जवळ एक मोठा वाडा आहे. हेअरवुड हाऊस. बाग फार सुंदर आहे, आणि बागेत एक स्तूप आहे." आम्हाला वाटले, हा चेष्टा करतो आहे. यॉर्कशायरमधल्या सरदाराच्या बागेत स्तूप कुठून येणार?

लीड्सहून हॅरोगेटकडे जाणारी ३६ क्रमांकाची बस या वाड्याच्या फाटकाशी थांबते. तिकिटाची रक्कम रुपयांत मोजू नका, असे भाच्याने आधीच बजावले होते. आम्ही मोजली. सवय जात नाही.

फाटकातून आत गेल्यावर वाडा लगेच दिसत नाही. आधी कुरण लागते, मेंढ्या दिसतात, मोठमोठी झाडे दिसतात. डोक्यावर तांबड्या घारी फिरत असतात. हा पक्षी इंग्लंडच्या बहुतेक भागातून नाहीसा झाला होता. १९९९ साली याच परिसरात तो पुन्हा आणून सोडला गेला. मग वळणावर एकदम तो वाडा समोर येतो. १७५९ साली त्याचा पाया घातला आणि १७७१ साली मालक राहायला आला. बांधणारा यॉर्कचा जॉन कार. आतली सजावट रॉबर्ट ॲडमची. लाकडी सामान थॉमस चिपेंडेलचे, जो इथून जवळच्याच ऑटली गावचा सुताराचा मुलगा. आणि बाग लॅन्सलॉट ब्राऊनची. या ब्राऊनला सगळे इंग्लंड 'केपेबिलिटी' या टोपणनावाने ओळखते. इंग्रजी कलेच्या इतिहासात ही चारही नावे पहिल्या पंगतीची आहेत. एकाच वाड्यासाठी चौघांना कामाला लावायचे तर पैसा किती लागला असेल, याचा अंदाज वाचकांनीच करावा. नुसत्या चिपेंडेलचे बिल दहा हजार पौंडांवर गेले होते, आणि ते अठराव्या शतकातले पौंड!

आत शिरल्यावर पहिल्याच दालनात जेकब एपस्टाईनचा दगडी 'ॲडम' उभा आहे, मान वर केलेला, संपूर्ण नागडा. सरदाराच्या घरात हा नागडा आदिपुरुष पाहून आम्हाला बरे वाटले. पुढे एकामागून एक खोल्या. छतावरची नक्षी आणि पायाखालचा गालिचा एकमेकांना जुळवलेले. लांबलचक गॅलरीत खिडक्यांवर जड रेशमी पडद्याच्या झालरी दिसतात. जवळ जाऊन पाहिले तर ते कापड नाही, लाकूड आहे! लाकूड कोरून, रंगवून, चुण्या पाडून त्याचे कापड केले आहे. आम्ही बराच वेळ मान वर करून बघत राहिलो. हात चांगलाच होता त्या कारागिरांचा. त्यांच्या कामाला नावे ठेवण्याचा आमचा हेतू नाही, कारण हात राबणाराचाच असतो, मग तो यॉर्कशायरचा असो की आपल्या गावचा.

एका खोलीत चिपेंडेलने केलेला शाही पलंग आहे. त्याच्याशेजारी उभ्या असलेल्या वयस्कर स्वयंसेविकेला आम्ही विचारले, "बाई, हा सगळा पैसा कुठला?"

आम्हाला वाटले होते, बाई विषय बदलतील. त्यांनी सरळ सांगितले, "साखरेचा. आणि साखर गुलामांची."

तो इतिहास थोडक्यात असा. लॅसेल्स घराण्यातला हेन्री लॅसेल्स अठराव्या शतकाच्या आरंभी बार्बाडोस बेटावर, ब्रिजटाऊन बंदरात, जकातीचा अधिकारी होता. जकातीत अफरातफर केल्याचे आरोप त्याच्यावर झाले. नौदलाला अन्नधान्य पुरवण्याचे कंत्राट त्याच्याकडे होते. गुलामांच्या व्यापारात पैसा होता. ईस्ट इंडिया कंपनीचा तो काही काळ संचालकही होता, म्हणजे एक हात आपल्याकडेही पोचलेला. या सगळ्याहून मोठा धंदा सावकारीचा. उसाच्या मळेवाल्यांना तो कर्ज द्यायचा, आणि गहाणात काय असायचे? जमीन, साखरेचा घाणा, गुरे आणि माणसे. १७३८च्या सुमारास त्याने हेअरवुडची जहागीर विकत घेतली. १७५३ साली त्याने आत्महत्या केली. वाडा बांधला तो त्याचा मुलगा एडविन याने. पुढे कर्जे बुडू लागली तसे मळे या घराण्याच्या ताब्यात येत गेले. १७८७ पर्यंत बार्बाडोस, जमैका, ग्रेनेडा आणि टोबॅगो या बेटांवर मिळून सुमारे २७ हजार एकर जमीन लॅसेल्सकडे होती. सावकार गहाणखताने रान कसे गिळतो, हे महाराष्ट्रातल्या वाचकाला समजावून सांगण्याची गरज नाही. फरक एवढाच की तिथल्या गहाणखतात रानाबरोबर माणूसही लिहिलेला असे.

साखर म्हटली की ऊस आला आणि ऊस म्हटला की कोयता आला. आम्ही सातारा जिल्ह्यातले. कारखान्याच्या पट्ट्यात वाढलो. उसाच्या पाचटाने हात कसे चिरतात आणि घाणा रात्रंदिवस चालू असला की झोप कशी उडते, ते लहानपणापासून पाहिले आहे. ऊसतोड कामगार उचल घेऊन येतो आणि उचल फिटेपर्यंत बांधलेला राहतो, पण तो निदान हंगाम संपला की गावी जातो. बार्बाडोसच्या माणसाला गावच उरले नव्हते. ते समुद्रापलीकडे राहिले होते.

खाली तळघरात जुने स्वयंपाकघर आहे. तांब्याची भांडी ओळीने लावलेली, घासूनपुसून लखलखीत. कारभारीण, आचारी, नोकर यांचे रोजचे वेळापत्रक कसे असे, ते तिथे सांगितले आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सेंट व्हिन्सेंट बेटावरून आलेला बर्टी रॉबिन्सन नावाचा कृष्णवर्णीय मुलगा इथे चाकरीला होता. त्याच्यावर या वाड्याने अलीकडे प्रदर्शनही भरवले. वरच्या भिंतींवर सरदारांची तैलचित्रे आहेत. त्यांच्याच पंगतीत अलीकडच्या वर्षांत दोन नव्या तसबिरी आल्या. एक आर्थर फ्रान्स यांची, ज्यांनी १९६७ साली लीड्सचा वेस्ट इंडियन कार्निव्हल सुरू केला. दुसरी नट डेव्हिड हेअरवुड यांची. या नटाचे आडनाव हेअरवुड कसे? त्याचे पूर्वज याच घराण्याच्या बार्बाडोसमधील मळ्यावर गुलाम होते. मालकाचा किताब गुलामाचे आडनाव झाला. आपल्याकडे आडनावावरून जात ओळखतात. तिथे आडनावावरून मालक ओळखता येतो.

त्या तसबिरीपुढे एक वयस्कर कृष्णवर्णीय जोडपे उभे होते. बाईंनी नवऱ्याला कॉलर नीट करायला लावली आणि मगच फोटो काढला. चैत्यभूमीवर पुतळ्यापुढे फोटो काढताना आपली माणसे अशीच कॉलर नीट करतात.

आता कायद्याकडे येतो, कारण आमचा धंदाच तो.

गुलामांच्या व्यापारावर ब्रिटिश पार्लमेंटने १८०७ साली बंदी घातली. ती आणणारा विल्यम विल्बरफोर्स हा यॉर्कशायरचाच खासदार. त्याच वर्षीच्या निवडणुकीत त्याच्याविरुद्ध उभ्या असलेल्यांत याच वाड्यातला हेन्री लॅसेल्स होता. पाण्यासारखा पैसा ओतून तो पडला. व्यापार बंद झाला तरी गुलामगिरी मात्र चालू राहिली. ती बंद करणारा कायदा आला १८३३ साली. शाळेच्या पुस्तकात एवढेच असते. पुस्तकात नसते ते असे की, त्या कायद्याने दोन कोटी पौंड नुकसानभरपाई मंजूर केली. आणि ती दिली मालकांना! सुमारे आठ लाख माणसे मुक्त झाली. त्यांच्या हातावर एक पैसाही पडला नाही. उलट 'उमेदवारी'च्या नावाखाली त्याच मालकाकडे आणखी काही वर्षे फुकट राबण्याची सक्ती झाली. ती १८३८ साली संपली. मालकांनी दावे दाखल केले, सुमारे ४६ हजार. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजने ते सारे दावे शोधून, नावानिशी लोकांना पाहण्यासाठी खुले केले आहेत. त्यात हेअरवुडचा सरदार आहे. निवडणुकीत पडलेला तोच हेन्री तोवर सरदार झाला होता. त्याचे सहा मळे, १२७७ माणसे, भरपाई सव्वीस हजार पौंडांहून जास्त. माणशी साधारण वीस पौंड पडले.

हे पैसे देण्यासाठी सरकारने १८३५ साली दीड कोटी पौंडांचे कर्ज काढले. ते पूर्ण फिटले २०१५ साली. वाचकांनी हे वर्ष पुन्हा वाचावे. म्हणजे लीड्सच्या वस्तीत राहणारा, गुलामांचा वंशज असलेला बसचा कंडक्टर, नर्स, शिक्षक हे सगळे २०१५ पर्यंत कर भरत होते, आणि त्या करातून त्यांच्या पणज्या-खापरपणज्यांच्या मालकांना दिलेल्या भरपाईचे कर्ज फिटत होते. त्याच वर्षी आपल्या सरकारने बाबासाहेबांचे लंडनचे घर विकत घेतले. हा योगायोगच आहे, पण तो आमच्या डोक्यातून जाईना.

इथे आम्हाला आमच्या आजोबांची आठवण झाली.

महारवतन म्हणजे काय, हे नव्या पिढीला सांगावे लागते. गावाची आणि सरकारची पडेल ती कामे चोवीस तास करायची: सांगावा पोचवायचा, सारा वाहायचा, मेलेले जनावर ओढायचे, साहेब आला की घोड्यापुढे पळायचे. त्याबदल्यात जमिनीचा तुकडा आणि बलुते. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबईच्या विधिमंडळात १८७४च्या वतन कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक मांडले, ते संमत झाले नाही. वतन गेले ते १९५८च्या मुंबई कनिष्ठ गाववतन निर्मूलन कायद्याने. बाबासाहेब तेव्हा हयात नव्हते. या कायद्याचे कलम ५ आम्ही वकिली सुरू केल्यापासून कितीदा वाचले असेल, याची मोजदाद नाही. जमीन सरकारजमा झाली आणि वतनदारालाच पुन्हा देण्याची तरतूद झाली. पण फुकट नव्हे! जमिनीच्या पूर्ण आकाराच्या तिप्पट रक्कम भरायची, मुदतीत भरायची, तरच जमीन परत. आणि परत मिळाली तरी नव्या शर्तीवर. विकायची, गहाण टाकायची म्हटली की जिल्हाधिकाऱ्याची परवानगी आणि नजराणा. सातबाऱ्यावर आजही 'भोगवटादार वर्ग-२' असे लिहिलेले असते. ज्यांची मुदत चुकली त्यांची जमीन सरकारदरबारीच राहिली, किंवा दुसऱ्याच्याच वहिवाटीत गेली. अशी प्रकरणे घेऊन माणसे अजूनही आमच्याकडे येतात.

इंग्लंडने मालकाला पैसे देऊन गुलाम सोडवला. आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या राबणाऱ्याकडूनच पैसे घेऊन त्याला वेठीतून सोडवले. हेअरवुडच्या गॅलरीत उभे असताना हे वाक्य आमच्या मनात आले आणि आम्ही तिथल्या बाकावर बसलो. कोणी म्हणेल, कुलकर्णी आणि पाटील वतने रद्द झाली तेव्हा त्यांनीही रक्कम भरूनच जमिनी घेतल्या. खरे आहे. न्यायालयात समोरच्या वकिलाने हा मुद्दा काढला तर आम्ही तो नाकारणार नाही. पण त्यांच्या वतनात हुकूम सोडायचा होता, आमच्या वतनात तो झेलायचा होता. दोघांना एकच मोजपट्टी लावणे ही समता नव्हे.

बाबासाहेबांनी गुलामगिरी आणि अस्पृश्यता यांची तुलना केलेली आहे. गुलाम ही मालकाची मालमत्ता, म्हणून निदान तो जगावा अशी मालकाची गरज असते. अस्पृश्य कोणाचीच मालमत्ता नाही, म्हणून त्याच्या जगण्यामरण्याची जबाबदारी कोणावरच नाही, असा त्यांच्या विवेचनाचा गाभा. वाचताना आम्हाला तो नेहमी तर्काचा मुद्दा वाटायचा. हेअरवुडला तो डोळ्यांनी दिसला. या घराण्याच्या मळ्यांची कागदपत्रे आज लीड्सच्या पुराभिलेखागारात आणि यॉर्क विद्यापीठाच्या बोर्थविक संस्थेत जपलेली आहेत. त्यात गुलामांच्या याद्या आहेत. नाव, वय, काम, किंमत. यादी क्रूर आहे. माणूस गुरांच्या शेजारी मांडलेला आहे. पण यादी आहे! कारण माणसाला किंमत होती आणि किंमत असेल तर हिशेब ठेवावा लागतो. दोनशे वर्षांनी त्या यादीवरूनच बार्बाडोसचा माणूस आपल्या पणजीच्या पणजीचे नाव काढू शकतो.

आमच्या तालुक्यात एक जुना वाडा आहे. चिरेबंदी, दोन चौकांचा, चारी बाजूंना बुरूज. आता तो लग्नसमारंभांना भाड्याने देतात आणि पाटीवर 'ऐतिहासिक' असे लिहिलेले आहे. ते चिरे कोणी वाहिले? चौक कोणी खणला? आमची आजी सांगायची की तिच्या सासऱ्याच्या पाठीवर वळ होता, तो या वाड्याच्या कामावरचा. या सांगण्याला पुरावा काय, असे न्यायाधीशाने विचारले तर आम्ही निरुत्तर होऊ. वेठबिगार करणारा माणूस विकत घेतलेला नव्हता. तो गावाबरोबर आपोआप आलेला होता. ज्याला किंमत नाही त्याची नोंद नाही. वतनाच्या रजिस्टरात महाराचे नाव सापडते, तेही जमिनीपुरते. त्याने किती दिवस, काय काम केले, याचा हिशेब कुठल्याच दप्तरात नाही.

म्हणून हेअरवुडचा आम्हाला राग आला आणि हेवाही वाटला. हे दोन्ही खरे आहे.

आता बागेविषयी, कारण बहुतेक लोक येतात ते बागेसाठीच. वाड्याच्या मागे उंच चौथरा आहे. तो चार्ल्स बॅरीने १८४०च्या दशकात केला, ज्याने लंडनचे पार्लमेंट भवन बांधले. बुटक्या कुंपणांची नागमोडी नक्षी, मध्ये कारंजे, कारंज्यात बिबळ्या खांद्यावर घेतलेला ऑर्फियस. पलीकडे उतार, उताराखाली तळे, तळ्यापलीकडे रान. दृश्य असे की वाटावे, हे असेच होते, माणसाने फक्त खिडकी उघडली. ही सगळी ब्राऊनची करामत! तळे बांध घालून केलेले, चढउतार माती ओढून केलेले, झाडे मोजून लावलेली. जुना वाडाही इथेच होता, तो पाडून टाकला. शेकडो मजुरांचे काम असे बेमालूम लपवायचे की बघणाराला वाटावे हा निसर्गच आहे. आमच्या मते ब्राऊनची खरी कला हीच. जातीची रचना करणारेही याच कलेत निष्णात होते. माणसाने बांधलेली गोष्ट त्यांनी निसर्गाची म्हणून खपवली. असो, बागेत येऊन जातीवर बोलतो म्हणून भाच्याने आम्हाला टोकले, आणि त्याचे बरोबर होते.

तळ्याच्या बांधाखाली पाणी खडकांवरून उतरते, तिथे हिमालयीन बाग आहे. ऱ्होडोडेंड्रॉनचे लाल, गुलाबी, पांढरे ताटवे. हिमालयातली निळी खसखस पहिल्यांदाच पाहिली. असा निळा रंग फुलाला असतो हे आम्हाला ठाऊक नव्हते. आणि त्या हिरवळीत, ओढ्याच्या कडेला, पांढरा स्तूप.

तो भूतानहून आलेल्या भिक्खूंनी २००४ साली बांधला. आणवला डेव्हिड लॅसेल्स यांनी, जे २०११ पासून या घराण्याचे आठवे अर्ल आहेत. त्याची हकीकत त्यांनी २०२१ साली पुस्तकरूपानेही लिहिली. गुलामांच्या व्यापारबंदीला २००७ साली दोनशे वर्षे झाली तेव्हा याच आवारात कॅरिबियन कलावंतांचा 'कार्निव्हल मसीहा' झाला. २०२३ साली गुलामांच्या मालकांच्या काही वंशजांनी 'हेअर्स ऑफ स्लेव्हरी' हा गट काढला, त्यातही हे अर्ल आहेत. आपल्या संपत्तीचा उगम ते लपवत नाहीत. कॅरिबियन देशांनी २०१३ पासून भरपाईची मागणी एकत्रितपणे मांडली आहे. ब्रिटिश सरकार ती मानायला तयार नाही. एका सरदाराने जे तोंडाने कबूल केले ते सरकारला जमत नाही, अशी परिस्थिती आहे.

स्तूपापुढे आम्ही चपला काढल्या. भाचा तसाच उभा. म्हणाला, "मामा, हा पैसा कुणाचा ते आत्ताच ऐकलं ना? इथं वंदना?"

प्रश्न टाळण्यासारखा नव्हता. भूतानी पद्धतीत स्तूपाच्या पोटात मंत्र, धान्य, मौल्यवान वस्तू ठेवतात. बाबासाहेबांच्या धम्मात आम्ही मंत्रतंत्राला जागा देत नाही, ती अडचण वेगळीच. पण त्याचा प्रश्न पैशाचा होता. आम्ही त्याला आम्रपालीच्या आमराईची गोष्ट सांगितली. तथागतांनी ते दान स्वीकारले होते. तो म्हणाला, "आम्रपालीनं दुसऱ्याला विकलं नव्हतं." याला आमच्याकडे उत्तर नव्हते. मग अंगुलिमालाची आठवण झाली. तथागतांनी त्याला संघात घेतले. पण तो भिक्षेला गेला की लोक त्याच्यावर दगड टाकीत, डोके फुटून तो परत येई, आणि तथागतांनी त्याला सांगितले की हे सोसले पाहिजे. त्याला चीवर मिळाले म्हणून त्याचे देणे फिटले, असे तथागत म्हणाले नाहीत.

"म्हणजे स्तूप बांधला तरी दगड खायचे?" भाचा म्हणाला.

"खायचे," आम्ही म्हणालो.

त्याने बूट काढले. आम्ही तिघांनी, त्याची बायकोही होती, त्रिशरण पंचशील घेतले, हळू आवाजात. पंचशीलातले दुसरे शील आपल्याला पाठ असते: न दिलेले घेणार नाही. त्या जागी ते म्हणताना तोंडातले शब्द जड झाले. पाण्याच्या आवाजात आमचे शब्द बुडत होते. दोन गोरी मुले बाजूला उभी राहून बघत होती. आमचे संपल्यावर त्यांनी स्तूपाला फेरी मारली, आमच्यासारखीच, डावीकडून.

जोतिरावांनी १८७३ साली 'गुलामगिरी' लिहिली आणि ती अर्पण केली अमेरिकेतल्या त्या लोकांना, ज्यांनी गुलामांना मुक्त करण्यासाठी झीज सोसली. पुण्यात बसून! बाबासाहेबांनी १९४६ साली अमेरिकेतल्या ड्यू बॉइस यांना पत्र लिहिले. आपल्या थोरांना हे नाते कळले होते. आजच्या आपल्या पर्यटकाला मात्र हेअरवुडसारख्या जागी कोणी नेत नाही. आमची समाजाच्या सहली काढणाऱ्या मंडळींना विनंती आहे की लंडनला चार दिवस घालवता, त्यातला एक दिवस इकडे द्या. मेणाचे पुतळे नंतर पाहता येतील.

आणि एक मागणी इथल्या लोकांकडे. आपल्या राज्यातल्या ज्या गढ्या, वाडे, किल्ले पुरातत्त्व खात्याकडे किंवा शासकीय अनुदानावर आहेत, तिथे माहितीफलक आहेत. बांधणाऱ्या सरदाराचे नाव आहे, लढाईची तारीख आहे. वेठीचा शब्द एकाही फलकावर आम्ही पाहिलेला नाही. हे काम करायला कुठला कायदा बदलावा लागत नाही. वतनाची रजिस्टरे तहसील कचेऱ्यांत आणि पुराभिलेखागारांत वाळवी खात आहेत. त्यांच्या प्रती काढून नावे गावनिहाय खुली करावीत. लंडनच्या एका कॉलेजला हे जमले, आपल्याकडे विद्यापीठांची कमी नाही. आम्ही यासाठी अर्ज तयार केला आहे. ज्या वकील बंधूंना सोबत यायचे असेल त्यांनी यावे.

परत आल्यावर आम्ही पहिले काम केले ते आमच्याच गावचे. आजोबांच्या जमिनीच्या फेरफाराची नक्कल मागितली. कचेरीतल्या कारकुनाने तीन चकरा मारायला लावल्या, चौथ्या खेपेला कागद हातात दिला. आकार १२ रुपये ५० नये पैसे, भरलेली रक्कम ३७ रुपये ५० नये पैसे. वडील सांगतात, त्या वर्षी घरातली म्हैस विकली गेली. का विकली ते त्यांना लहानपणी कोणी सांगितले नव्हते. नकलेबरोबर जुन्या चलनाची छायाप्रत जोडलेली आहे. तिच्या खालच्या कोपऱ्यात डाव्या अंगठ्याचा ठसा आहे, शाई जास्त झाल्यामुळे थोडा फिसकटलेला.